अमेरिकेचा राज्यकारभार आणि आमचा कुळवाडी

अमेरिकेत कोण अध्यक्ष झाला आणि कोण पडला, याची चर्चा हल्ली रत्नागिरीच्या बाजारात, एसटीच्या थांब्यावर, आंब्याच्या पेट्या भरणाऱ्या मंडळींतही होते. चर्चा होते हे बरेच आहे. पण ती कुस्तीच्या फडावर व्हावी तशी होते. हा मल्ल भारी की तो भारी, एवढेच. तो आखाडा कोणी बांधला, त्याचे नियम कोणाच्या सोयीचे, आणि ते आपल्या नियमांशेजारी ठेवून पाहिले तर काय शिकावयास मिळते, हे कोणी विचारीत नाही. शाळेतला मुलगा सिनेट, काँग्रेस ही नावे पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. ‘साता समुद्रापलीकडच्या राज्याशी आपल्याला काय करायचे?’ असे त्याचा बाप म्हणतो. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. हा अभ्यास कोणाच्या घरी व्हावयास हवा असेल तर तो शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्याच घरी होय.

आणि हे आम्ही नवे सांगत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले. का केले? अमेरिका श्रीमंत म्हणून नव्हे. तेथील लोकांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी स्वतः झीज सोसली, आणि आपल्याकडच्या लोकांनी तो कित्ता गिरवावा, म्हणून. आपल्या जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस या काळ्या विद्वानास पत्र लिहून तेथील काळ्या लोकांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची चौकशी केली. या दोघाही थोर पुरुषांनी अमेरिकेकडे पाहिले ते आपल्या घरचा प्रश्न हातात घेऊन. तसेच आपणही पाहावे.

पहिला प्रश्न जमिनीचा. १८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. त्याच वर्षी जानेवारीत जनरल शर्मन याने समुद्रकाठच्या जमिनीतून मुक्त कुटुंबांस चाळीस एकरांपर्यंत तुकडे देण्याचा हुकूम काढला. पण अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन याने वर्ष सरण्यापूर्वीच तो फिरवला आणि जमिनी जुन्या मालकांकडे परत गेल्या. मग सुटलेला गुलाम काय करणार? त्याच मालकाची जमीन तो वाट्याने कसू लागला. बी-बियाणे उधार, दुकानचा माल उधार, आणि सुगीला हिशेब मालकाच्या वहीत! ही हकीकत रत्नागिरीच्या कुळाच्या नातवंडांस उलगडून सांगण्याची गरज नाही. येथे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा होता. अर्धेली होती आणि वेठही होती. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे बिल मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणची कुळे मोर्चाने मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेली. तरी खोती रद्द करणारा कायदा व्हावयास १९४९ साल उजाडले. दोन्ही देशांचा धडा एकच : माणूस कागदावर मोकळा झाला तरी पायाखालची जमीन दुसऱ्याची असेल तर त्याची मान खालीच राहते.

दुसरा प्रश्न मताचा. अमेरिकेने १८७० साली घटना दुरुस्त करून वर्णावरून मत नाकारता येणार नाही असे ठरविले. मग दक्षिणेकडील राज्यांनी वर्णाचे नावही न घेता वाट अडवली. मताला पट्टी बसवली. वाचनाची परीक्षा ठेवली. मिसिसिपी राज्याने १८९० साली असा नियम केला की, मतदाराने घटनेचे कलम वाचावे किंवा वाचून दाखविलेल्या कलमाचा अर्थ सांगावा. अर्थ बरोबर की चूक हे ठरविणार कोण? गोरा कारकून! हा बंदोबस्त १९६५ च्या मताधिकार कायद्याने मोडला. आपल्याकडे १९३५ च्या कायद्यापर्यंत सारा, मिळकत, शिक्षण अशा अटींची चाळण होती. तीतून कुळवाडी आणि बलुतेदार बहुतेक गळून पडत. परंतु १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत कोकणच्या निरक्षर कुळवाडणीस कोणी परीक्षा घेतली नाही. त्याच दिवसांत मिसिसिपीतल्या तिच्या काळ्या बहिणीला दारातून परत लावीत होते. बंधूंनो, या एका गोष्टीत आपण अमेरिकेच्या पुढे होतो. हे आपल्या मुलांस ठाऊक आहे काय?

तिसरा प्रश्न वजनाचा : मताचे वजन किती? अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सभासद असतात, राज्य लहान असो की मोठे. २०२० च्या शिरगणतीत वायोमिंग राज्याची वस्ती पावणेसहा लाख, तर कॅलिफोर्नियाची सुमारे चार कोटी. तरी दोघांचे सिनेटर दोन-दोनच. २०११ च्या शिरगणतीत एकट्या रत्नागिरी जिल्ह्याची वस्ती १६ लाखांवर होती. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे राज्य तेथे दोन सिनेटर पाठवते! आपल्या राज्यसभेत मात्र वस्तीच्या अंदाजाने महाराष्ट्रास १९ जागा आणि गोव्यास १ जागा आहे. लहान राज्य चिरडले जाऊ नये म्हणून तेथे हा तह १७८७ साली झाला. तो वाईटच असे आम्ही म्हणत नाही. पण लहान राज्याचे रक्षण करताना मोठ्या राज्यातील गरिबाचे मत हलके होते, हे विसरू नये.

चौथा प्रश्न जाबाचा. तेथील अध्यक्ष चार वर्षांसाठी निवडला जातो. अविश्वासाच्या ठरावाने तो जात नाही. महाभियोग चालवावा लागतो. ज्या जॉन्सनने जमीन परत घेतली त्याच्यावर १८६८ साली असा खटला चालला आणि एका मताच्या कमतरतेने तो वाचला. आपल्याकडे १९९९ साली वाजपेयींचे सरकार लोकसभेत एका मताने पडले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हाच भेद समजावून दिला : अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य अधिक, आपण निवडलेल्या पद्धतीत जबाबदारी अधिक, कारण येथे मंत्र्यास सभागृहात रोजच्या रोज जाब द्यावा लागतो. पण येथे एक मेख आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या दुरुस्तीपासून आपल्या प्रतिनिधीने पक्षाचा आदेश मोडून मत दिले तर त्याची जागा जाऊ शकते. अमेरिकेत तसे नाही. जॉन्सनच्या खटल्यात विरोधी पक्षाचे सात सिनेटर आपला पक्ष सोडून त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि त्यांच्या जागा त्यामुळे गेल्या नाहीत. जाब विचारणाराच बांधलेला असेल तर रोजचा जाब कोण विचारणार? दलबदलूंचा बाजार थांबावा आणि प्रतिनिधीची जीभही मोकळी राहावी, असा मार्ग आपण शोधला पाहिजे. तो विद्वानांच्या सभेत सापडेल असे नाही. मतदारांनी मागितला तरच सापडेल.

आता सर्वांत जवळची गोष्ट. अमेरिकेच्या ईशान्येस व्हर्माँट, मॅसॅच्युसेट्स या राज्यांतील पुष्कळ लहान गावांत ‘टाउन मीटिंग’ भरते. व्हर्माँटात ती मार्चच्या पहिल्या मंगळवारी असते. गावकरी बसतात, गावाच्या खर्चाचे अंदाजपत्रक समोर घेतात, रस्त्याला किती आणि कशाला किती हे विचारतात व मत देतात. आपल्या महाराष्ट्राच्या कायद्यानेही वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. मग किती गावांत ग्रामसभा म्हणजे सह्यांचे पुस्तक फिरले, चहा झाला आणि मंडळी उठली, एवढेच घडते? बायाबापड्या दारात उभ्या, तरणी पोरे मुंबईस, आणि ठराव आधीच लिहिलेला! हक्क तेथल्यासारखाच आहे, सवय नाही. सवय मात्र कोणी कायद्याने देत नाही.

म्हणून आमची शेतकरी व कारागीर बंधुभगिनींस विनंती आहे. मुलास अमेरिकेचा अध्यक्ष कसा निवडतात हे शिकवा, पण लगेच विचारा, आपला सरपंच कसा निवडतात आणि त्यास जाब कोण विचारतो? गावच्या वाचनालयात दोन्ही देशांच्या घटना शेजारी शेजारी ठेवा. परदेशाची भाटगिरी नको आणि टवाळीही नको. कूळ कोण, मत कोणाचे, वजन किती, जाब कोणाला, हे चार प्रश्न दोन्ही राज्यांस सारख्याच मापाने विचारा. घेताना एक पायली आणि देताना दुसरी, हा सावकारी हिशेब आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ सोसला आहे. निदान विचारात तरी तो नको. आणि पुढच्या ग्रामसभेस जाताना अंदाजपत्रकाची नक्कल आधी मागून, वाचून जा. अमेरिकेचा अभ्यास तेथे उपयोगी पडला तरच तो खरा.