भूकंपानंतरचे दत्तक-पालकत्व

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात भूकंप झाला तो शनिवारी, दुपारी बाराच्या सुमारास. तेथे शनिवार हा साप्ताहिक सुटीचा दिवस. शाळा रिकाम्या होत्या, म्हणूनच सुमारे ३५ हजार वर्गखोल्या कोसळल्या वा निकामी झाल्या तरी असंख्य मुले बचावली. परंतु बचावलेले मूल सुरक्षित झाले, असे मानण्याचे कारण नव्हते.

परदेशातील एखाद्या मुलाच्या शिक्षणासाठी दरमहा ठरावीक रक्कम पाठविण्याची पद्धत जुनी आहे. १९३७ साली स्पेनमधील यादवी युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी ती अवलंबिली गेली होती. अशा दत्तक-पालकाला आपत्तीची वार्ता कळताच पहिला प्रश्न पडतो तो ‘आपले मूल कसे आहे?’ हा. पाठोपाठ त्या मुलास वेगळे पैसे धाडावेत, जमल्यास त्याला शहरातील एखाद्या बालगृहात हलवावे, असे वाटू लागते. भावना प्रामाणिक आहे. परिणाम मात्र तपासून पाहावयास हवेत.

घर पडलेले, शाळा बंद, पेरणी तोंडावर आलेली, अशा वेळी डोंगराळ खेड्यात दलाल येतो आणि मुलाला काठमांडूत शिकवू, असे आश्वासन देतो. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून मुले अशीच नेली गेली. कागदोपत्री अनाथ ठरलेल्या अनेकांचे आईवडील गावी जिवंत होते. अनाथांसाठी परदेशी पैसा येतो, हे एकदा ठाऊक झाले की अनाथ ‘तयार’ होऊ लागतात. मागणी-पुरवठ्याचा हा नियम क्रूर असला तरी खोटा नाही. हैतीतही २०१० च्या भूकंपानंतर सीमेपार नेल्या जात असलेल्या ३३ मुलांपैकी अनेकांचे पालक हयात असल्याचे उघड झाले. नेपाळ सरकारने म्हणूनच २०१५ मध्ये परदेशी दत्तकविधान स्थगित केले, नव्या बालगृहांची नोंदणी थांबविली आणि पालकांविना मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई केली. भारताची सीमा खुली असल्याने धोका तेवढ्यावर संपत नव्हता. नेपाळी मुलींचा व्यापार मुंबईपर्यंत पोहोचतो, हे महाराष्ट्रास नव्याने सांगावयास नको.

दत्तक-पालक योजना चालविणाऱ्या संस्थेचे खरे भांडवल म्हणजे तिच्याकडील यादी आणि गाव ओळखणारा कार्यकर्ता. कोणते मूल कोणत्या घरचे, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या देखत ते सहजासहजी नाहीसे होत नाही. यासाठी लागणारा पैसा कोणा एका मुलाच्या नावे राखून ठेवता येत नाही. पाण्याचा नळ एकट्या मुलासाठी बसत नाही आणि तात्पुरता वर्ग एका विद्यार्थ्यासाठी भरत नाही. (जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांविषयी तर न बोललेलेच बरे, त्यांच्या वाहतुकीवर त्यांच्या किमतीहून अधिक खर्च होतो.)

अशा योजनांमुळे मुलांचे शालेय शिक्षण सरासरी एक ते दीड वर्षाने वाढते, असे भारतासह सहा देशांतील पाहणीवर आधारलेल्या एका अभ्यासात २०१३ मध्ये आढळले. हा लाभ शाळा चालू राहण्यावर अवलंबून आहे. नेपाळातील बंद शाळा ३१ मे २०१५ पासून पुन्हा उघडल्या, कित्येक ठिकाणी बांबू-ताडपत्रीच्या आडोशाखाली. तेवढ्या पाच आठवड्यांत दात्याने छायाचित्राचा आग्रह न धरता मासिक रक्कम अखंड पाठवावी, ती गावासाठी खर्चण्यास संस्थेस मोकळीक द्यावी, आणि हिशेब मागताना दोनच गोष्टी विचाराव्यात: वर्ग कधी भरला, आणि हजेरीपटावरील कोणती मुले परत आली नाहीत.