बाराजणांसाठी सातासमुद्रापार

आमच्या गोवा सरकारात बदली म्हणजे काय, तर पणजीहून काणकोण. नाहीतर दुसऱ्या टोकाला पेडणे. पण तेवढ्यावरही हुकूम हातात पडला की माणूस आधी आजारी पडतो, मग आमदाराच्या घरी खेपा घालतो आणि शेवटी आईच्या मधुमेहाचं सर्टिफिकेट जोडून अर्ज करतो. वीस वर्षं अशा अर्जांवर टिपणं लिहीत आलोय, म्हणून हे अनुभवाचे बोल.

त्यामुळे मॉर्मन पंथातल्या पोरांना येणाऱ्या पत्राबद्दल वाचलं तेव्हा मी जरा सावरूनच बसलो. (त्यांना हल्ली 'मॉर्मन' म्हटलेलं आवडत नाही. २०१८ पासून त्यांच्या प्रमुखांनी पूर्ण नाव घ्या असा आग्रह धरलाय: चर्च ऑफ जीझस ख्राईस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. ते दर वेळी लिहायचं म्हणजे फाईलचा विषय लिहिल्यासारखं होईल, तेव्हा मी आपलं जुनंच नाव वापरतो.) अमेरिकेतल्या युटा प्रांतातलं, वा आणखी कुठलंही, अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं अर्ज करतं. कुठं पाठवा हे त्याला सांगता येत नाही. पत्र येतं, त्यात देशाचं नाव असतं. पगार नाही, उलट खर्चाचा भार स्वतःवर नि घरच्यांवर. दोन वर्षं घरी यायचं नाही. सोबत कायम एक जोडीदार, तोही यांनी निवडलेला नव्हे. पहाटे उठायचं, भाषा शिकायची, दारं ठोठवायची. २०१९ पर्यंत तर घरी फोनसुद्धा वर्षातून दोनदाच, नाताळाला आणि मातृदिनाला. आईच्या मधुमेहाचं सर्टिफिकेट तिथं चालत नसावं.

आणि जायचं तरी कुठं? पुष्कळदा एखाद्या परक्या गावात, जिथं त्यांच्या पंथाची पंधरा-वीस माणसं भाड्याच्या खोलीत रविवारी जमतात. तेवढ्यांसाठी.

हे आजचं झालं. पण आपल्या मुलखात हा प्रकार पावणेदोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलाय, हे मला ठाऊक नव्हतं. ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश माणूस १८५१ साली मुंबईत उतरला. मॉर्मन पंथाचा तो मुंबई इलाख्यातला पहिलाच प्रचारक. मुंबईच्या पाद्र्यांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याला झोडपून काढलं. मग तो १८५२ मध्ये पुण्याला गेला. लष्करी अधिकारी त्याला कॅम्पात राहू देईनात, आणि कॅम्पाबाहेरच्या पुण्याच्या लेखी तो एक साहेबच. दोन्हीकडून उपरा. तरी त्यानं तिथं एक शाखा उभी केली. किती माणसांची? जेमतेम बाराजणांची. काही युरोपियन, काही अँग्लो-इंडियन, काही इथलेच. पुढं त्याचा भाऊ ॲलन येऊन मिळाला. १८५३ साली आणखी तेराजण सान फ्रान्सिस्कोहून गलबतानं कलकत्त्याला पोचले. त्यातले चौघे सयामसाठी नेमलेले. खिशात पैसा ठेवायचा नाही, जिथं जाल तिथल्या लोकांनी जेवू घालावं, असा त्यांचा नियम. हा नियम आपल्याकडच्या माधुकरीच्या जवळ जाणारा. पण साहेबाच्या कातडीचा माणूस दारात भिक्षा मागतोय हे इथल्या कुणाच्या पचनी पडणार? १८५६ पर्यंत सगळे परत गेले. शाखा विरली. कारकुनी भाषेत सांगायचं तर फाईल बंद.

मित्रहो, हे मी वाचलं ते सौंसरला, आणि तिथं वाचलं म्हणूनच डोक्यात राहिलं. सौंसर नि पांढुर्णा ही गावं आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसतात. नागपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्यांच्या बागांचा मुलूख. आधी छिंदवाडा जिल्ह्यात होता, २०२३ पासून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेलं. माणसं मराठी, राज्य मध्य प्रदेश. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा तिकडेच राहिला, आणि ही मराठी माणसं रेघेच्या पलीकडे पडली. माझी ताई तिथं दिलेली आहे. भावोजी नोकरीनिमित्त आठ वर्षं वास्कोत होते, तिथंच जमलं. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायची गोटमार चालते, हे सांगून भावोजींनी लग्नाआधीच आमच्या आईला घाबरवून ठेवलं होतं.

तर त्या फिंडलेची गोष्ट मी भावोजींना सांगितली. ते म्हणाले, "साळेबुवा, हे लोकं मोजाले येते. मोजून घरी कळवते, मग तिकून पैसा येते." विषय संपला.

भावोजींचं म्हणणं हवेतलं नाही. त्या भागात त्याला कागदोपत्री इतिहास आहे. नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती तेव्हा, १९५४ साली, तिथल्या सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. १९५६ ला अहवाल आला. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य उद्देश आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं, अशी शिफारस त्यात आहे. १९६८ साली त्या राज्यानं धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला, २०२१ ला तो आणखी कडक केला. श्रद्धा अर्जावर लिहून जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत इनवर्ड करायची वेळ आली की काय होतं, हे माझ्यासारख्या कारकुनानं न बोललेलंच बरं. गंमत म्हणजे हेच नियोगी ऑक्टोबर १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या मागोमाग नागपुरात बौद्ध झाले! धर्म बदलणं हा गुन्हा नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार. त्यांचा आक्षेप बदलवणाऱ्याच्या हेतूवर होता.

आणि हेतू बघावा तर हिशेब सरळ लागत नाही. छिंदवाड्यात आधी स्कॉटिश मिशन आलं, मग स्वीडनचं. स्वीडिश लोक १८७७ पासून त्या टापूत. कुठं स्वीडन, कुठं छिंदवाडा! घाटावर हिंदी, घाटाखाली मराठी, डोंगरात गोंडी, म्हणजे एका जिल्ह्यासाठी तीन भाषा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातल्या मिशनांची अनाथालयं पोरांनी भरली. त्या पोरांना जेवण मिळालं आणि धर्मही मिळाला. जेवण दिलं हे पुण्य, आणि भुकेल्या पोराचं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत चढवून तो आकडा मायदेशी कळवला हे मला खटकतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसानं एकाच आठवड्यात केलेल्या असू शकतात. त्या मिशनातून झालेलं लूथरन चर्च आजही छिंदवाड्यात आहे, लहानसंच. शेजारच्या बैतूल जिल्ह्यात पाढरला त्यांचं इस्पितळ आहे, १९५८ साली सुरू झालेलं. २०१२ मध्ये स्तुती आणि आराधना या जोडजन्मलेल्या मुलींना वेगळं करायची शस्त्रक्रिया तिथं झाली, तेव्हा देशभर नाव झालं. भावोजींच्या आतेला मोतीबिंदूसाठी तिथंच नेलं होतं, हे ताईनं मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं.

माझं म्हणणं असं आहे की वही बाजूला ठेवून बघावं. नागपूरला १८४५ मध्ये आलेला स्टीफन हिस्लॉप घ्या. त्याच्या नावाचं कॉलेज आहे, म्हणून नाव तरी माहीत असतं. पण त्यानं गोंडांच्या लिंगोची कथा एका परधानाकडून ऐकून लिहून घेतली, ते त्याच्या मरणानंतर १८६६ ला छापून आलं. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेलेला असताना हा माणूस पुराच्या पाण्यात बुडून मेला. छिंदवाड्याच्या जेम्स डॉसननं गोंडी शब्द जमवून छापले. किती गोंड ख्रिस्ती झाले, हा आकडा आज कोण विचारतो? पण लिंगोची कथा कागदावर पहिल्यांदा कुणी आणली हे विचारलं तर हिस्लॉपचंच नाव घ्यावं लागतं.

किंवा फिंडलेच्याच पुण्यात बघा. त्याच १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात सरकारनं जोतीराव फुल्यांचा शालजोडी देऊन सत्कार केला, मुलींच्या शाळांबद्दल. जोतीराव शिकले होते स्कॉटिश मिशनच्या शाळेत. त्यांचं नाव बाप्तिस्म्याच्या कुठल्याही वहीत नाही. मोजणाऱ्या मिशनऱ्याच्या लेखी तो विद्यार्थी वायाच गेला म्हणायचा!

आता कुणी म्हणेल, गोव्यातला हिंदू माणूस मिशनऱ्यांची तरफदारी करतोय, याला इन्क्विझिशन आठवत नाही काय? आठवतं. आमचं कुलदैवत कुठ्ठाळीहून रातोरात नदी ओलांडून प्रियोळला आलं, हे आमच्या घरात आजही काल घडल्यासारखं सांगतात. १५६७ मध्ये सासष्टीतली देवळं पाडली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले, आणि मग कुंकळ्ळीच्या गांवकरांना बोलणी करायला म्हणून असोळण्याला बोलावून कापलं. त्या पाच पाद्र्यांची प्रेतं ताब्यात घ्यायला जो गेला तो फादर स्टीफन्स. इंग्लंडातून १५७९ ला आलेला. आणि पुढं १६१६ मध्ये रायतूरला ज्याचं दहा हजारांवर ओव्यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, तोही हाच. आपण मराठीवाले स्टीफन्सची ओवी घेतो आणि कुंकळ्ळी गाळतो. दुसरे कुंकळ्ळी घेतात आणि ओवी गाळतात. मला दोन्ही ठेवायचे आहेत. त्याच्या पाठीशी पोर्तुगिजांची तलवार होती, हे विसरून त्याच्या मराठीचं कौतुक मला करवत नाही.

तलवार पाठीशी नसली की काय होतं, हे बघायचं तर आपल्याच गोव्याचा माणूस आहे. बाणावलीत १६५१ ला जन्मलेला, मूळ सांकवाळचा जुझे वाझ. डचांनी सिलोन घेतल्यावर तिथल्या कॅथलिकांचे पाद्री हाकलले होते. तीसेक वर्षं त्या लोकांना पाद्री नव्हता. १६८७ साली वाझ भिकाऱ्याच्या वेषात तिथं शिरला. नवीन माणसं जोडणं दूर राहिलं, असलेलीच लपूनछपून राहत होती. कांदीच्या राजानं हेर समजून तुरुंगात टाकलं. तमिळ शिकला, सिंहली शिकला, आणि १७११ मध्ये तिथंच मेला. परत आला नाही. त्याच्यामागून गेलेला दिवाडीचा जाकोम गोन्साल्विस, त्यानं सिंहलीत इतकं लिहिलं की त्या भाषेच्या वाङ्मयाच्या इतिहासात त्याला जागा आहे. २०१५ च्या जानेवारीत पोपनी कोलंबोत वाझला संत जाहीर केलं तेव्हा आमच्या ऑफिसात सासष्टीच्या सहकाऱ्यांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

फिंडले आणि वाझ यांचे पंथ एकमेकांना ख्रिस्ती तरी म्हणतील की नाही, शंका आहे. पण दोघांची नोकरी एकच. परक्या मुलखात, हातात सत्ता नसताना, मूठभर माणसांसाठी राहणं. अशा माणसाला पाहुण्यासारखं वागावं लागतं, भाषा शिकावी लागते, कारण दार उघडायचं की नाही हे घरमालक ठरवतो. तो त्याचा धर्म सांगणार, मी माझा सोडणार नाही. त्यात भिण्यासारखं मला काही दिसत नाही. उद्या माझ्या दारात टाय लावलेली दोन पोरं आली तर मी त्यांना चहा विचारीन. (ते चहा पीत नाहीत, त्यांच्यात मनाई आहे. कोकम सरबत चालेल.)

आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा राग येण्याऐवजी थोडा हेवाच वाटतो. ताईची मुलं घरात मराठी बोलतात, शाळेत हिंदी. थोरलीला मराठी वाचता येतं, धाकट्याला येत नाही. सौंसर-पांढुर्ण्यात अशी किती घरं असतील! आपल्याकडे संमेलनात सीमेपलीकडच्या मराठी माणसांसाठी ठराव होतात, टाळ्या पडतात, ठराव टपालात जातो. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आपण मराठीसाठी मोर्चे काढतोय, निवेदनं देतोय, त्यातली काही मी स्वतः टाईप केलीत. पण एकोणीस वर्षांचं एखादं मराठी पोरगं, स्वतःच्या खर्चानं, दोन वर्षं पांढुर्ण्यात राहून दहा मुलांना मराठी वाचायला शिकवतंय, असं मी अजून तरी ऐकलेलं नाही. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळा आहेत, तिथं पालक रविवारी राबतात, त्यांना सलाम. पण ती त्यांचीच पोरं. परक्याच्या पोरांसाठी, पत्रात नाव येईल त्या गावी, जाणारं कोण?

भावोजींना हे म्हणालो तर हसले. "मराठी शिकवाले इथं कोण येते? इथं काय भेटते?" एवढं म्हणून संत्रं सोलायला घेतलं.

नागपूरहून सावनेरमार्गे सौंसर फार लांब नाही, दोनेक तासांत पोचता येतं. ताईच्या घरची माडीवरची खोली रिकामी आहे. कुणी खरंच जाणार असेल तर भाडं घेणार नाहीत, एवढं मी भावोजींच्या वतीनं, त्यांना न विचारता, इथं लिहून ठेवतो.