माणसे उरली हजार, कारभार कशाला?

आग्नेय सर्बियात, बल्गेरियाच्या सीमेलगत त्सर्ना त्रावा नावाची नगरपालिका आहे. नगर नावापुरतेच, प्रत्यक्षात डोंगरउतारांवर विखुरलेली पंचवीस छोटी गावे, क्षेत्रफळ सुमारे ३१२ चौरस किलोमीटर. १९४८च्या जनगणनेत इथे १३,६१४ माणसे होती. २०२२मध्ये उरली १,०६३. लोकसंख्येने ही सर्बियातली सर्वांत लहान नगरपालिका.

गावे ओस पडली की दोष स्थलांतराला देऊन आपण मोकळे होतो. इथे तो हिशेब जुळत नाही, कारण बाहेर जाणे हीच या मुलखाची जुनी रीत. जमीन निकृष्ट, हिवाळा लांब. त्यामुळे इथले पुरुष गवंडी, पाथरवट, सुतार झाले. वसंतात टोळ्या करून कामाला निघायचे, थंडी पडायच्या सुमारास परतायचे. शेती, गुरे, म्हातारी माणसे बायका सांभाळायच्या. या व्यवस्थेचे ओझे खरे तर त्यांनीच वाहिले, नाव मात्र गवंड्यांचे झाले. बेलग्रेडच्या कित्येक इमारतींना त्यांचे हात लागले आहेत.

घर गावात होते तोवर पैसाही गावात येत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियात शहरे झपाट्याने वाढू लागली, बांधकामावर बारमाही मजुरी मिळू लागली आणि गवंड्याने बायकामुलांनाही शहरात नेले. परतीचे कारणच संपले. ज्यांनी इतरांची शहरे उभारली त्यांचीच गावे रिकामी झाली, हा योगायोग नव्हे. एकाच व्यवहाराच्या या दोन बाजू आहेत.

सर्बियाच्या २००७च्या कायद्याने नगरपालिकेसाठी किमान दहा हजार लोकसंख्येची अपेक्षा ठेवली, पण आधीपासूनच्या लहान नगरपालिकांना धक्का लावला नाही. हे शहाणपणाचे झाले. विलीनीकरणाने चार खुर्च्यांचा खर्च वाचेल. पण दाखल्यासाठी सत्तरीतल्या माणसाला घाट उतरावा लागेल, आणि पगारी नोकरीची इथली मोजकी ठिकाणेही बंद होतील.

मात्र नगरपालिका टिकवायची ती कशासाठी, हे प्रामाणिकपणे ठरवायला हवे. तेरा हजारांचे दिवस परत येणार नाहीत. पुनरुज्जीवनाच्या घोषणांवरचा खर्च वायाच जाईल. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ हटवणे, फिरता डॉक्टर, घरपोच औषध आणि सरपण, एवढे नेमाने झाले तरी पुष्कळ. त्यासाठी अनुदान ठरवताना डोक्यांइतकीच दोन घरांमधली अंतरेही मोजावी लागतील.