नाकातला फवारा आणि आपली घाई

पोळा उलटला की आमच्या जालन्यात शिंकांचा हंगाम सुरू होतो. मोकळ्या प्लॉटांवर, रस्त्यांच्या कडेला गाजरगवत कमरेएवढे होऊन पांढऱ्या फुलांनी भरते. या गवताची भारतातली नोंद १९५६ साली छापली गेली, ती पुण्याची. आज ते नाही असे गाव शोधावे लागेल. दिवाळीनंतर कापूस येतो, जिनिंगची धूळ उडते. आणि घरातल्या गाद्या-गोधड्यांची धूळ तर बारमाही. ज्याला हे सोसत नाही त्याला उठल्याबरोबर पंधरा-वीस शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक, डोळ्यांना खाज. आपण त्याला 'कायमची सर्दी' म्हणतो आणि सोडून देतो.

परवा शेजारच्या वहिनी मुलीला घेऊन आल्या. मुलगी दहावीत. रात्री नाक बंद, तोंडाने श्वास, धड झोप नाही आणि वर्गात डुलक्या. डॉक्टरांनी फवारा लिहून दिला होता. "भाऊ, पैसे पाण्यात गेले बघा. तीन दिवस मारला, काडीचा फरक नाही. उलट रक्त आलं. अन् त्यात स्टेरॉईड असतं म्हणे!" बाटली फडताळात पडून होती.

आम्ही वहिनींना काय बोलणार? आम्ही स्वतः याहून मोठा घोळ घातला होता. ऑफिसातल्या जुन्या फायली लावताना नाक बंद पडले, म्हणून न विचारता दुकानातून थेंबांची बाटली आणली. पाच मिनिटांत नाक मोकळे! चार दिवसांचे औषध आम्ही सात महिने ओढले. शेवटी उशाशी बाटली नसेल तर झोप येईना. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पाहिले आणि म्हणाले, "आता तुमचं नाक धुळीनं नाही, या थेंबांनीच बंद पडतंय."

वाचक बंधू-भगिनींनो, इथेच गफलत होते. बाटल्या दिसायला सारख्या, पण औषधे दोन जातींची. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले औषध नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आवळते, म्हणून लगेच मोकळे वाटते. असर उतरला की त्या पुन्हा फुगतात, आणि रोजची सवय लागली की पहिल्यापेक्षा जास्त फुगतात. म्हणून ते तीन ते पाच दिवसांच्या पुढे वापरू नये. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि लहान मुलांसाठी तर विचारल्याशिवाय नाहीच.

फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड ही दुसरी जात. ही औषधे ॲलर्जीची सूजच कमी करतात, पण सावकाश. रोज नेमाने मारल्यावर पूर्ण गुण दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी बाटली फडताळात टाकणे म्हणजे पेरले आणि तिसऱ्या दिवशी उकरून पाहिले. स्टेरॉईड यात असते हे खरे. पण मात्रा मायक्रोग्रॅमची, आणि काम मुख्यतः नाकातच. रक्तात फार थोडे उतरते. मनाने महिनोन्महिने खाल्लेल्या गोळ्यांशी त्याची बरोबरी नाही. तरीही मूल बरेच महिने फवारा घेत असेल तर डॉक्टरांकडून त्याची उंची अधूनमधून मोजून घ्यावी.

राहिला रक्ताचा प्रश्न. आम्ही मुलीला म्हटले, बाई, तू मारतेस कसा ते दाखव. तिने डोके मागे टाकले, उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत नळी सरळ खुपसली आणि जोरात सूं केले. औषध निम्मे मधल्या पडद्यावर, निम्मे घशात! पडदा नाजूक, रोज त्याच जागी फवारा बसला की तो सुकतो आणि रक्त येते.

मग अंगणात उभे राहून पुन्हा शिकवले. आधी नाक शिंकरायचे. बाटली हलवायची, नवी असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर बारीक धूर निघेपर्यंत हवेत दाबायची. डोके मागे नाही, किंचित पुढे. डाव्या नाकपुडीला उजवा हात, उजवीला डावा, म्हणजे नळीचे तोंड आपोआप पडद्यापासून दूर, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळते. दाबताना मोगरा हुंगावा तसा हलका श्वास. नंतर दहा-पंधरा मिनिटे शिंकरायचे नाही. नळी पुसून टोपण लावायचे. भोक बुजले म्हणून टाचणी घालायची नाही, कोमट पाण्याने धुवायचे. आणि एकाची बाटली दुसऱ्याच्या नाकाला नाही, सख्खी भावंडे असली तरी.

एवढे करूनही रक्त येत राहिले, छातीत घरघर झाली किंवा दम लागला, तर डॉक्टरांकडेच जायचे. अशा नाकामागे दमा लपलेला असू शकतो.

आमची कारकुनी खोड इथे कामी आली. बाटलीवर १२० फवारे छापले होते. डॉक्टरांनी प्रत्येक नाकपुडीत दोन सांगितले, म्हणजे दिवसाला चार, म्हणजे तीस दिवस. त्यापुढे तळाशी औषध खळखळले तरी मात्रा नीट येईलच असे नाही. वहिनींना म्हटले, डॉक्टरांना रक्ताचे सांगा आणि पुन्हा सुरू करायचे का ते विचारा. त्या दुसऱ्याच दिवशी विचारून आल्या. मुलीने दप्तरातून पेन काढून बाटलीवर तारीख घातली, आणि तिच्या धाकट्या भावाने दाराशेजारचे गाजरगवत, फुले यायच्या आत, तोंडाला रुमाल बांधून उपटायला घेतले.