बचावपटूची कसोटी पायांच्या गतीत

फलटण तालुक्यातील बचावपटू अक्षता ढेकळे २०२२ मध्ये कनिष्ठ आणि वरिष्ठ अशा दोन्ही भारतीय हॉकी संघांतून खेळली. या दोन स्तरांमधील अंतर ताकदीपेक्षा पायांच्या गतीत अधिक जाणवते.

२००९ पासून फ्री हिट घेणारी खेळाडू स्वतःच चेंडू पुढे नेऊ शकते. त्यामुळे बचावफळीला जमवाजमव करण्यास उसंत मिळत नाही. मागे सरकता सरकता अंग वळवणे, वळताच धाव घेणे आणि तरीही स्टिक जमिनीलगत ठेवणे हे कृत्रिम हिरवळीवरच अंगवळणी पडते. मातीवर चेंडू संथ येतो, शिवाय उसळतो. तेथे घडलेल्या मुलीला पावले नव्याने बसवावी लागतात.

महिलांची पहिली हॉकी इंडिया लीग जानेवारी २०२५ मध्ये रांची येथे झाली. तिच्या लिलावात सर्वाधिक, म्हणजे ३२ लाख रुपयांची, बोली उदिता दुहान या बचावपटूवर लागली. उदिता मुळात आघाडीची खेळाडू. बचावफळीत ती नंतर आली. हा निव्वळ योगायोग नसावा. व्यावसायिक संघांना चपळ बचावपटू हवी असते. जिल्ह्यातील मुलीला मात्र टर्फ लाभते ती बहुधा निवासी प्रबोधिनीत प्रवेश मिळाल्यावरच.