डोंगरवाट आखणाऱ्यांची शाळा

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि त्याच महिन्यात लोकल उरणपर्यंत पोहोचली. उरणजवळच्या करंजाच्या डोक्यावर उभा असलेला द्रोणागिरीचा डोंगर त्यामुळे मुंबईकरांसाठी सकाळी जाऊन दुपारी परतण्याइतका जवळ आला. कर्नाळा, कलावंतीण आणि प्रबळगडावर सुट्टीच्या दिवशी लोटणारी गर्दी आज ना उद्या इकडेही वळणार. लोकांनी डोंगरावर जायलाच हवं. पण गर्दी म्हटलं की आपण पार्किंग, प्रवेशशुल्क आणि पोलीस बंदोबस्ताबद्दल बोलतो. हजारो पावलं झेलणाऱ्या पायवाटेबद्दल कुणी बोलत नाही. ती राखायची जबाबदारी वनरक्षकावर, संयुक्त वन व्यवस्थापन समितीवर, ग्रामपंचायतीवर किंवा एखाद्या दुर्गसंवर्धन मंडळावर येते. वाट कशी आखावी, हे मात्र त्यांना क्वचितच कुणी शिकवलेलं असतं. हे शिक्षण मराठीतून आणि ऑनलाइन मिळायला हवं.

वाट बिघडते कशी, ते एका पावसाळ्यात दिसतं. सोंडेवरून नाकासमोर खाली उतरणारी वाट सगळ्यात जवळची, म्हणून तीच रुळते. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या पाण्यालाही तोच जवळचा रस्ता सापडतो. आधी बारीक माती जाते, मग मुरूम, आणि उरतात उघडी मुळं व सुटे धोंडे. घसाऱ्यावर पाय ठरेना की माणसं शेजारच्या गवतातून चालतात आणि तिथं दुसरी वाट पडते. उपाय अवघड नाही. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवायचा, तिला दरीच्या बाजूला किंचित कलती ठेवायची आणि अधूनमधून छोटा उलटा चढ द्यायचा, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न सुटता तिला ओलांडून निघून जातं. समतल चर खणताना पातळी मोजायची ए-फ्रेम धरलेल्या कोणत्याही गावकऱ्याला ही भाषा लगेच कळेल.

राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने आयोजकांची नोंदणी आणि सहभागी लोकांची सुरक्षितता यांकडे लक्ष दिलं, ते योग्यच झालं. पण नेणारा तयार केला आणि नेण्याची वाट तशीच सोडली, तर काम अर्धं राहतं. वाट ही केवळ हौशी भटक्यांची सोय नसते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडी या डोंगरावरच्या ठाकूरवाडीवर दरड कोसळली. मदत पथकांना भर पावसात डोंगर पायी चढावा लागला, मोठी यंत्रं वर नेता आली नाहीत. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. चांगल्या वाटेने ती दरड थांबली नसती, हे उघड आहे. पण अनेक ठाकूरवाड्यांना दवाखाना, शाळा आणि बाजार त्याच पायवाटेने गाठावे लागतात. आजाऱ्याला डोलीत घालून उतरवणाऱ्या चौघांसाठी वाटेचा एकेक दगड महत्त्वाचा असतो.

डोंगराचं काम पडद्यावर कसं शिकणार, हा आक्षेप रास्त आहे. पहार मारायला हातच लागतात. पण उताराचं गणित, पाण्याची चाल, गर्दीचा अंदाज, वन कायद्याच्या परवानग्या आणि देखभालीचं वेळापत्रक घरबसल्या शिकता येतं. आपल्या वाटेचा व्हिडिओ पाठवून जाणकाराकडून चुका समजून घेता येतात. त्यानंतर दोन दिवसांचं शिबिर डोंगरावर घ्यावं. प्रत्येक डोंगरामागे वाट राखणारी दोन-चारच माणसं असतात. त्या सगळ्यांना सांगलीतल्या कुंडलच्या वन अकादमीत आठवडाभर बोलावणं परवडणारं नाही. गावातल्या माणसाला ऑनलाइन जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी पानी फाउंडेशनच्या डिजिटल शेतीशाळा पाहाव्यात. तिथं शेतकरी मोबाइलवर पीक तज्ज्ञांना प्रश्न विचारतात. अमेरिकेत अमेरिकन ट्रेल्स ही संस्था वाटांच्या आखणीवर आणि देखभालीवर वेबिनार घेते. पण सह्याद्रीचा कातळ आणि आपला पाऊस तिथल्या धड्यांत येणार नाही. ते धडे इथंच लिहावे लागतील. रेंज नसलेल्या वाड्यांसाठी ते डाउनलोड करून ठेवता यावेत, एवढी काळजी घ्यावी.

प्रशिक्षण आलं की निधी येईल आणि निधी आला की सिमेंटच्या पायऱ्या होतील, ही भीती मला सगळ्यात खरी वाटते. तरीही उत्तर प्रशिक्षणातच आहे. वाट म्हणजे काय हे ठाऊक नसतं, तेव्हाच पायऱ्या आणि रेलिंग हाच विकास वाटतो. जिथं वाट न्यायचीच नाही तिथं ती बंद कशी करावी, हाही याच अभ्यासक्रमातला धडा असला पाहिजे. डोंगर आम्हाला शिकवू नका, असं स्थानिक ठाकूर-कातकरी म्हणतील तर त्यांचं बरोबर आहे. म्हणून त्यांनाच मानधन देऊन शिक्षक करावं. वन विभाग, पर्यटन संचालनालय आणि अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ यांनी एकत्र बसून हा अभ्यासक्रम तयार करावा. पहिली तुकडी उरण-पनवेलची असावी आणि तिचं प्रात्यक्षिक द्रोणागिरीवर, येत्या पावसाळ्याच्या आत व्हावं.