न्हाणीघर कोणासाठी?

या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी एकच वाद चालू होता : न्हाणीघराचा. ते सासऱ्यांनी चाळीस वर्षांपूर्वी बांधलेले. कोपऱ्यात कमरेएवढा सिमेंटचा हौद, शेजारी निसरडा ओटा, वर गंजलेला शॉवर. त्यातून पाणी कमी आणि आवाज जास्त. मुलांना हौदाच्या जागी टब हवा होता. यांना चकचकीत टाइल्स आणि मोठा शॉवर. अम्मींचे एकच म्हणणे, "हौदाला हात लावू नका. तुमच्या अब्बांची निशाणी आहे."

मिस्त्री आले, माप घेतले आणि सहज विचारले, "इथे सगळ्यात जास्त त्रास कोणाला होतो?" आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. हा प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारलाच नव्हता.

त्या दिवसापासून मी लक्ष ठेवले. अम्मी ओट्यावर चढताना नळाचा आधार घेत होत्या. वुजू करताना पाय धुवायचे तर एका पायावर डोलत होत्या. आणि मगरिबनंतर त्या पाणीच पीत नव्हत्या! विचारले तर हळूच म्हणाल्या, "रात्री उठून तिकडे जायची भीती वाटते, बेटा." वर्ध्याचा मे महिना आणि घरातले माणूस तहान मारून झोपते! मला फार लाज वाटली.

सेवाग्राम आमच्यापासून आठ किलोमीटरवर. शाळेच्या सहली घेऊन किती वेळा गेले असेन. बापू कुटी मीराबहननी आधी स्वतःसाठी बांधवून घेतली होती. पुढे गांधीजींसाठी तिच्यात फेरबदल झाले. बसण्याउठण्याच्या जागेला लागूनच न्हाणी आणि संडास आहे. १९३६ मध्ये ते या गावी राहायला आले तेव्हा ६६ वर्षांचे होते. राहणाऱ्याचे वय आणि सवयी पाहून घर बदलायचे, हे तिथे डोळ्यांसमोर होते. माझ्या मात्र आता लक्षात आले.

मग एकेक गोष्ट ठरली. टब नको, कारण त्याचा काठ ओलांडणे म्हाताऱ्या माणसाला जड, आणि तो भरायला दीडशे लिटरच्या आसपास पाणी लागते. बुखारी शरीफमध्ये हजरत अनस (रजि.) यांची रिवायत आहे की प्रेषित (स.) एक साअ ते पाच मुद पाण्यात गुस्ल करीत. एक साअ म्हणजे चार मुद, आजच्या मापाने अंदाजे तीन लिटर. आपली एक बादलीच पंधरा-वीस लिटरची! शॉवर घेतला तो कमी पाण्याचा, हाताने धरता येईल असा, म्हणजे बसूनही अंघोळ होते.

टाइल्स खरखरीत घेतल्या. उंबरा आणि ओटा काढून जमीन एकसारखी केली. पाणी निघून जावे म्हणून दर चार फुटांना सुमारे अर्धा इंच उतार. टाइल्स लावण्याआधी वॉटरप्रूफिंग करून दोन दिवस पाणी साठवून ठेवले. ओल कुठे येते ते तेव्हाच कळते. भिंतीत पक्की स्टीलची दांडी बसवली. दार बाहेर उघडणारे केले, कारण आत कोणी पडले तर आत उघडणारे दार अडते. गिझरचे अर्थिंग तपासून घेतले.

राहिला हौद. उघड्या साठ्यात डेंग्यूचे डास होतात, तो आठवड्यातून एकदा रिकामा करून घासावा लागतो, हे अम्मींनाही ठाऊक होते. त्यांची काळजी वेगळी होती : "नळ आला नाही त्या दिवशी काय?" गच्चीवर झाकणाची टाकी बसवून दाखवली तेव्हा त्या राजी झाल्या. हौद पूर्ण फोडला नाही. अठरा इंचांवर उतरवून आत मलबा भरला, वर कोट्याची लादी टाकली. आता तीच अम्मींची वुजूची बैठक आहे. समोर खालच्या उंचीवर एक नळ.

खर्च टबाइतकाच आला असेल. पण परवा रात्री इशाच्या नमाजीनंतर अम्मींनी स्वतः तांब्या मागितला.

वाचकहो, मिस्त्रीला बोलावण्याआधी एक दिवस घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाच्या मागे मागे न्हाणीघरापर्यंत चालत जा. काय बदलायचे ते तिथेच कळेल.